अकरा रेघांचा दगड

मेश्राम गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या बसस्थानकावर कुरखेड्याची गाडी शोधत होतो. फोन त्यांच्या पत्नीचा, शांताबाईंचा. "भाऊ, गुरुजी गेले. सकाळी चहा घेतला न् बसल्या जागी..." त्याला आता दीड महिना झाला. दुःख ओसरतं म्हणतात. ओसरत असेल, पण माझा राग शोकसभेपासून चढतच चालला आहे. सभेत त्यांच्या फोटोमागे फलक होता, "प्राचीन सूर्यचक्राचे शोधकर्ते". ज्या शब्दापायी हा माणूस दोन वर्षं कुढला, तोच शब्द त्याच्या हाराशेजारी लावायला लाज कशी वाटली नाही?

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या गावात धानाच्या पाण्यासाठी बोडी, म्हणजे लहानसं तळं, खोदताना परातीएवढा एक गोल, चपटा दगड निघाला. मधोमध खळगा, आणि खळग्यातून कडेपर्यंत गेलेल्या रेघा. गुरुजींनी त्या बोटानं मोजल्या. अकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या आणि मला बोलावून घेतलं. मी इथल्या एका दैनिकाचा बातमीदार, आमचा स्नेह जुना. त्या दिवशी ते भरभरून बोलले... इजिप्तच्या देवाच्या डोक्यावरची सूर्याची थाळी, युरोपात सापडलेली सोन्याच्या पत्र्याची तबकडी, आपल्याकडच्या वीरगळांवरचे चंद्रसूर्य. मी म्हटलं, "म्हणजे हा सूर्यच ना, गुरुजी?"

"जातंही गोलच असते गा," ते म्हणाले. "तू एवढंच लिही. गोल दगड हाय, अकरा रेघा हायेत, कायच्या ते आपल्याले मालूम नाई. मालूम नाई म्हणायले लोकायले लाज काऊन वाटते?"

मी मान डोलावली आणि घरी येऊन लिहिलं, "कुरखेडा तालुक्यात सापडले प्राचीन सूर्यचक्र". मालूम नाही, अशी बातमी कोण छापतं? मथळा उपसंपादकानं दिला, असं मी पुष्कळांना सांगत फिरलो. तो माझाच होता.

मग काय, रीघ लागली. गुरुजींच्या समाजातले काही जण म्हणाले, हे धम्मचक्र आहे, तुम्ही बौद्ध असून गप्प कसे? गावातली मंदिर समिती म्हणाली, पेपरात छापून आलंय, सूर्यदेव आहे. गुरुजी दोघांनाही "मालूम नाई" म्हणत राहिले आणि दोघांनाही नकोसे झाले. शेवटी समितीनं ओटा बांधून दगड सिमेंटमध्ये बसवला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कुणा शहाण्यानं सांगितलं, सूर्य बारा असतात, अकरा रेघांचा सूर्य अपुरा. मग पाथरवट बोलावून छिन्नीनं बारावी रेघ कोरून घेतली, वरून केशरी ऑइलपेंट फासला. सगळं श्रद्धेनं, मन लावून. त्यातलं कुणी वाईट नव्हतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरतं. आता नवी रेघ कुठली आणि जुन्या कुठल्या, ते कुणी सांगू शकत नाही.

गुरुजी ओट्यापाशी आले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी बोट न लावता रेघा मोजल्या. "बारा," एवढंच म्हणाले. त्यांनी मला एक शिवी तरी द्यायची होती... दिली नाही. त्या वाटेनं ते पुन्हा कधी गेले नाहीत.

परवा शांताबाईंकडे गेलो होतो. गुरुजींच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर मी कधी न पाहिलेला एक कागद होता. दगड निघाला त्या आठवड्यात त्यावर पातळ कागद धरून, कोळसा घासून त्यांनी घेतलेला ठसा. सगळ्या रेघा स्वच्छ उठलेल्या. मी हावरटासारखा मोबाईल काढला. शांताबाई कागदासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"फोटो मंग काढजा, भाऊ. पह्यले पेपरात लिहा, बारावी रेघ कोनापायी आली ते."

लिहिलं, बाई. माझ्यापायी.