चुन्याच्या भिंतीवरचा जॅक

पडदा उघडण्याआधी आमच्या नाटक मंडळीतला जानराव रिकाम्या रंगमंचावर फिरायचा. काम त्याचं माइकचं. प्रत्येक नटाला आधी उभं करायचा. मला म्हणायचा, "रंगराव, उभा राहून दाखव. हात फेकून दाखव." आम्ही वैतागायचो, पण नट कुठे वळणार, कुठे कोसळणार हे पाहिल्याशिवाय तो वायर अंथरायचा नाही. टाळ्या मात्र आम्हाला पडायच्या.

आज त्याची मुलगी मंजुश्री देऊळघाटात घरोघरी इंटरनेटच्या वायरी टाकते. बुलढाण्याला शिकली, स्कूटीला केबलचं वेटोळं अडकवून पंचक्रोशीत हिंडते. माझ्या समोरच्या घरी, महादेवरावांकडे, ती आली तेव्हा मी ओसरीवरून उठून मुद्दाम पाहायला गेलो.

महादेवरावांची सून डिंपल जळगाव जामोदची. लग्नाआधी पुण्याच्या कंपनीत होती. घरून काम करायला कंपनी तयार झाली, पण अट घातली की वायरचं नेट हवं आणि सोमवारी सकाळी साहेब कॅमेऱ्यावर बोलून लाईनची परीक्षा घेणार. लाईन तुटली तर डिंपल पुण्याला, आणि भाजीचा मळा सांभाळणारा तिचा नवरा राम इथेच. नव्या संसाराची अशी फाळणी होणार होती.

"लाईटच्या बोर्डाशेजारीच बसव," महादेवराव म्हणाले.

"नाई काका, लाईटच्या वायरीपासून लांब ठेवा लागते. वहिनी, तुम्ही कामाले बसता तशा बसा बरं. उठा. आता दार लावा."

डिंपल हसत हसत बसली, उठली, दाराशी गेली. मंजुश्रीने खडूने भिंतीवर खूण केली. मला जानराव दिसला हो! अगदी तोच, मान तिरपी करून पाहणारा.

मग तिने दोन जॅक पुढे ठेवले. जॅक म्हणजे भिंतीवरची खाच, जिच्यात केबलचं टोक बसतं. एक जाडजूड, झाकणाचा. दुसरा सपाट, चकचकीत, उघड्या तोंडाचा. महादेवरावांना दुसराच भावला. "हा शहरातल्यासारखा दिसते." मंजुश्रीची नजर झाकणावर गेली, पण बसवला सपाटच. तपासणीच्या यंत्रावर आठही दिवे ओळीने लुकलुकले. डिंपलने टाळी वाजवली. मीही.

रविवारी संध्याकाळी नेट मेलं.

फोन गेला, तर मंजुश्री जानेफळला कामावर. सोमवारी उजाडताच ती दारात हजर. डिंपल रडवेली होऊन खुर्चीत बसलेली, रामने तिची पुण्याची बॅग माळ्यावरून काढून ठेवलेली. महादेवराव दारातच गरजले, "काऊन व मंजे? नवी वायर अन लगेच मेली? बुलढाण्याचा माणूस आणाले पाह्यजे होता."

मंजुश्री सरळ भिंतीपाशी गेली. गुडघ्यावर बसून तिने जॅकची पट्टी उघडली. आतल्या सोनेरी तारा पांढऱ्याफटक. भिंतही पांढरीशुभ्र, अजून ओलसर. तिच्या ध्यानात आलंच असेल, पण मान वर करून तिने कोणाकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात चुलीपुढून डिंपलच्या सासूबाई, रुख्मिणीबाई, धावत आल्या. "तिले काई बोलू नका! म्या लावला चुना. साहेबाले भित दिसंन, सुनेचं घर कयकट दिसू नोये म्हणून. ते केबल उपसली, ब्रश फिरवला, अन पुन्हा खोसली." पदर डोळ्यांना लागला. "माह्याच हातानं लेकीले पुण्याले धाडून राह्यली मी."

मी आयुष्यभर खोटी आसवं गाळली. ही खरी होती.

"काकू, चूक माही हाय," मंजुश्री म्हणाली. "आपल्या घराले दर दिवाळीले चुना लागते, हे मले मालूम नाई काय? माह्या मायच्या घरी झाकणाचाच जॅक हाय. तुमच्या घरी म्या दिसाले चांगला लावला." मग महादेवरावांकडे वळून, "अन काका, आता शहर इसरा."

दुकानं अजून बंद होती. ती स्कूटीवरून घरी गेली आणि आई सिंधूताईंच्या भिंतीवरचा जॅकच उपसून घेऊन आली. खराब टोक कापलं, आठ बारीक तारा रंगाप्रमाणे लावून दाबल्या, जॅकची डबी तोंड खाली करून बसवली, वर झाकण. प्रवेशाची घंटा वाजत असताना विंगेत इतका शांत माणूस मी फक्त एकच पाहिला होता, तिचा बाप.

साहेब कॅमेऱ्यावर आले, बोलले, लाईन जागची हलली नाही. शेवटी म्हणाले, मागची भिंत छान आहे. पडद्याआड उभ्या रुख्मिणीबाईंनी मंजुश्रीचा हात असा दाबला की बांगडी वाजली.

मंजुश्री आता कोणत्याही घरी पहिला प्रश्न विचारते, "चुना कोण लावते?" आणि त्या बाईला बोलावून जॅक तिच्या हातात देते.

परवा दिवाळीची साफसफाई चालू होती. रुख्मिणीबाई ब्रश घेऊन अंगणातून रस्त्यावरच्या मंजुश्रीला ओरडल्या, "मंजे, झाकण लावलं व माय! तू एकडाव पाहून जाय, मंगच बुडवीन ब्रश."

मंजुश्रीने स्कूटी थांबवली. रामने माळ्यावर परत टाकलेल्या पुण्याच्या बॅगेवर रुख्मिणीबाईंनी केव्हाच कांद्याची टोपली ठेवली होती.