शनिवारची लिहिणारी मंडळी

तिला सगळे प्रूफताई म्हणत. छापखान्यातून आलेल्या पानांवरच्या चुका काढणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि तोही घरी बसून. नवरा जहाजावर. त्यामुळे घर, काम आणि मुलगी असं सगळं एकटीच्या गळ्यात. मुलगी बोलताना अडखळायची. शाळेत वाचायला उभी केली की वर्ग हसायचा. हळूहळू तिने तोंड उघडायचंच सोडलं, तेव्हा प्रूफताईने तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं.

वर्षभरात तिच्या नाकी नऊ आले. सकाळी गणित, दुपारी पानं, संध्याकाळी इतिहास. मुलीला सोबत हवी होती, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःला कधीतरी एखादी दुपार पाठ टेकायला हवी होती. शोधता शोधता मुलांना घरीच शिकवणारी आणखी दोन घरं सापडली. एक दातांच्या डॉक्टरीणबाईंचं, त्यांना एकुलता एक मुलगा. दुसरं एका बस ड्रायव्हरचं. बायको गेल्यापासून तो आणि त्याची म्हातारी आई मिळून दोन मुलींना वाढवत, शिकवत होते. ठरलं असं, की दर शनिवारी मुलांनी एकत्र बसून लिहायचं, पाळीपाळीने एकेका घरी. ज्याचं घर, त्याने शिकवायचं.

पहिला शनिवार प्रूफताईकडे झाला, झकास झाला. डॉक्टरीणबाईंच्या पाळीला नेमकी कुणाची तरी दाढ ठणकली. गाल धरून बसलेल्या पेशंटांच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर मुलं लिहीत बसली. ड्रायव्हर आपल्या पाळीला पहाटेची फेरी संपवून आला होता. "बसमध्ये काय काय दिसतं ते लिहा," एवढं म्हणाला आणि बसल्या जागी घोरायला लागला. मुलांनी बस सोडून त्याच्या घोरण्यावरच लिहिलं.

त्यानंतर पाळ्या कधी मोडल्या ते कुणाला कळलंही नाही. "तुम्हाला भाषा येते हो, आम्ही काय शिकवणार?" असं म्हणत दोघंही मुलांना तिच्याच दारात सोडू लागले. विसाव्यासाठी केलेला खटाटोप तिच्याच अंगाशी आला. खुर्च्या लावा, पेन्सिली शोधा, भांडणं सोडवा, उष्टे पेले विसळा. आणि मुलं गेली की कागद तपासत बसा. तिथेही सवय सुटेना. तांबडं पेन घेतलं की हात आपोआप चालायचा.

मुलांचं लिखाण मात्र दर आठवड्याला आखूड होत चाललं होतं. एकदा तर डॉक्टरीणबाईंच्या मुलाने एकच ओळ लिहिली, 'आज ऊन आहे.' ड्रायव्हरच्या थोरल्या मुलीने दोन लिहिल्या, धाकटीने नुसतं चित्र काढलं.

"हे काय? दुपारभर एवढंच?" प्रूफताई वैतागली.

"जास्त लिहिलं की जास्त चुका होतात," तो मुलगा सरळपणे म्हणाला.

त्या संध्याकाळी तिची मुलगी जवळ आली. शब्द अडला, पुन्हा अडला. मग म्हणाली, "आई, तू व... वाचत नाहीस. तपासतेस."

राग यायलाही अंगात त्राण हवं. प्रूफताई नुसती भिंतीला टेकून बसून राहिली.

पुढच्या शनिवारी दोन्ही पालक मुलांना सोडायला आले, तेव्हा तिने त्यांना दारातच थांबवलं. "हे आता बंद करू या. मी दमलेय."

"अहो, पण आता कुठे घडी बसतेय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घडी माझ्या एकटीच्या जिवावर बसलीय."

ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "ताई, चूक आमची आहे. पोरी शनिवारसाठी आठवडाभर जीव टाकतात. शिकवणं माझ्याच्यानं होणार नाही, पण बाकी सगळं मी करतो. खाणं आणतो, आवरतो. तुम्ही फक्त बसा. वाटलं तर आडव्या व्हा."

ती हो म्हणाली. पटलं म्हणून नव्हे, वाद घालायची ताकद उरली नव्हती म्हणून. तांबडं पेन तिने छापखान्याच्या कामापुरतंच ठेवलं. हे सोपं नव्हतं. एखादी वेलांटी चुकलेली दिसली की तिची बोटं शिवशिवायची. मग ती कागद हातातच घेईना. मुलांना म्हणाली, "तुम्हीच वाचून दाखवा, मी ऐकते."

डॉक्टरीणबाईंना ही पद्धत रुचली नाही. काही महिन्यांनी त्यांनी मुलाला शाळेत घातलं. जाताना तो पोरगा पायरीवर घुटमळला, पण गेला. उरल्या तीन मुली.

त्या तिघींचं चालू राहिलं. ड्रायव्हर ड्युटी संपवून यायचा, स्वयंपाकघरात भांडी आपटायचा, मधूनच उभ्या उभ्या पेंगायचा. प्रूफताई पलंगावर डोळे मिटून पडायची. एका शनिवारी तिची मुलगी वाचायला उभी राहिली. जहाजावरच्या बाबांना घर कसं आठवत असेल, यावर तिने कागदाच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं. वाचताना ती जागोजागी अडखळत होती. दोघी बहिणी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून वाट बघत होत्या. कुणी हसलं नाही, कुणी शब्दही सुचवला नाही.

मुलगी मध्येच थांबली. "आई, झोपलीस?"

"नाही गं. दमलेय फक्त," प्रूफताई डोळे न उघडता म्हणाली. "पुढे वाच."