टाइमकीपरचा बिनयीस्टचा पिझ्झा

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली 'घड्याळ' म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण मी त्यांची मेहुणी, आणि राहते त्यांच्याच खालच्या मजल्यावर, त्यामुळे भांडायला एक जिना चढला की झालं. कारखान्याच्या फाटकाशी काचेच्या खोलीत बसून त्यांनी आयुष्यभर टाइमकीपरची नोकरी केली. कोण किती वाजता आत गेला, कोण किती वाजता बाहेर पडला, एवढं बघायचं. फाटक बंद झाल्यावर धापा टाकत आलेल्या माणसाचं तोंड बघायला त्यांना मनापासून आवडायचं, असा माझा संशय आहे. ते म्हणतात, छे, नियम होता. असेल बापडा नियम.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना काय द्यावं? भिंतीवरचं घड्याळ! अरे, दुसरं काही सुचलंच नाही का लोकांना? ते त्यांनी आणून स्वयंपाकघरात ओव्हनच्या वर टांगलं, आणि तेव्हापासून माझी ताई त्याच्या हाताखाली कामाला आहे. एकला जेवण म्हणजे एकला. कुणी आलेलं असो नसो, ठोका पडला की भाऊजींचा पहिला घास तोंडात.

त्यांना एकुलता एक मुलगा. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेल्यावर जन्माला आला, म्हणून बापाने त्याचं नाव ठेवलं 'लेटमार्क'. लाडाने म्हणे! पुढे हा लेटमार्क अँब्युलन्स चालवायला लागला. आता मला सांगा, अँब्युलन्सवाल्याने काय पेशंटला रस्त्यात उतरवून जेवायला यायचं? पण भाऊजींचं एकच पालुपद, ड्यूटी संपायची वेळ ठरलेली असते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पोरगा कुणाला तरी हॉस्पिटलात पोचवून, शर्टावर परक्याचं रक्त घेऊन, उशिरा घरी आला. ताटं धुऊन पालथी पडली होती. ताई वाढायला उठली, तर भाऊजी म्हणाले, "कँटीन बंद झालं." गंमत केली म्हणे. पोराने ती गंमत ऐकून घेतली, पायात चपला सरकवल्या, म्हणाला, "घरात जेवायला हजेरी लावावी लागत असेल तर मी बाहेरच जेवतो," आणि गेला. आईला फोन करायचा, पण घरात पाऊल टाकलं नाही.

ताईने आदळआपट केली नाही. ती रोज जेवायच्या टेबलाची तिसरी खुर्ची पुसायची, कुणी बसत नव्हतं तरी. मला तर तीच खुर्ची उचलून भाऊजींच्या डोक्यात घालावीशी वाटायची.

आणि गेल्या आठवड्यात पोराचा फोन आला. "आई, रविवारी येतो. एकपर्यंत. काय करशील?" ताई कसंबसं म्हणाली, "तू म्हणशील ते." तो हसत म्हणाला, "पिझ्झा कर." लहानपणी पिझ्झा पिझ्झा करून या पोराने घर डोक्यावर घेतलं होतं. पण भाऊजींनी दुकानातून कधी मागवू दिला नाही. का, तर घरपोच आणणारा नेमका कधी येईल याचा भरवसा नाही!

भाऊजींनी लगेच जाहीर केलं, "पिझ्झा मी करणार. घरी. पिठापासून." ज्या माणसाने उभ्या जन्मात चहाचा कप विसळला नाही, तो म्हणे पिझ्झा करणार. मी ताईला म्हटलं, "माफी मागायला जीभ उचलत नाही, म्हणून मैदा उचलतोय गं हा माणूस." ताई म्हणाली, "गप्प बस तू. उचलू दे काहीतरी."

रंगीत तालीम सुरू झाली. आधी यीस्ट आणलं. कोमट पाण्यात घातलं, मैदा मळला, गोळा झाकला, आणि भाऊजी समोर खुर्ची टाकून बसले. पाकिटावर लिहिलं होतं, तासाभरात दुप्पट फुगेल. दिवस थंडीचे, गोळा जागचा हलेना. तास भरला तसं भाऊजींनी झाकण काढलं आणि त्या गोळ्याला झापलं. खरंच झापलं हो, या कानांनी ऐकलं! "दिलेली वेळ पाळता येत नाही?" आणि फेकला कचऱ्यात. संध्याकाळी बघते तर कचऱ्याच्या डब्याचं झाकण वर उचललेलं, आत गोळा मस्त टम्म फुगून बसलेला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. भाऊजी काय म्हणाले असतील? "आता फुगून काय उपयोग? गेट बंद झालं."

मग त्यांनी मोबाइलवर शोधून शोधून यीस्टशिवायचा पिझ्झा काढला. मैदा, मीठ, बेकिंग पावडर, दही, चमचाभर तेल. मळा, लाटा, भाजा. भाऊजींची कळी खुलली. "बघ, यात कुणाची वाट बघायची भानगडच नाही." व्हिडिओतली बाई कानीकपाळी ओरडत होती, पावडर दह्याला लागली की लगेच लाटून ओव्हनमध्ये सारा, ठेवून दिलंत तर सगळा जोर निघून जाईल. भाऊजींनी ते ऐकलं नाही असं नाही. पण त्यांच्या भाषेत लगेच म्हणजे आधीच.

रविवारी मी वर गेले तर सकाळीच सगळं तयार. मळून झालं, लाटून झालं, ओला कपडा टाकून ट्रे ओट्यावर मांडलेला. चीज किसलेलं, टोमॅटोचा सॉस वाटीत, ढोबळी मिरचीच्या चकत्या एका मापाच्या. भाऊजी कमरेवर हात ठेवून उभे. "याला म्हणतात नियोजन!" मी म्हटलं, "भाऊजी, ते ओव्हनमध्ये जायला हवं होतं ना मघाशीच?" म्हणाले, "तुला काय कळतं?" म्हटलं, बरं बाबा, राहिलं.

एक वाजता पिझ्झा बाहेर आला. पोरगा आला नव्हता, आणि पिझ्झा फुगला नव्हता. भाऊजींनी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, तर दार वाजवल्यासारखा आवाज आला. तेवढ्यात फोन. "आई, एक केस आलीय. पोचवून निघतो." भाऊजींनी घड्याळाकडे बघितलं, सवयीने खुर्ची ओढली, सवयीने ताट पुढे घेतलं. ताईने ते ताट त्यांच्या समोरून काढून घेतलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, मी बघतच राहिले.

भाऊजी उठले. "बरं. दुसरा मळतो. येईलच एवढ्यात." आणि लागले की मळायला! मळून, लाटून, पुन्हा कपडा टाकून तयार. पोराचा पत्ता नाही. कपड्याखाली पीठ आधी जरा वर आलं, मग हळूहळू बसत गेलं. मला राहवलं नाही. "अहो, ती पावडर तुमच्या मुलासाठी थांबत नाही, आणि तुम्हीही थांबत नाही. पिझ्झा व्हायचा कसा?"

भाऊजींचा हात तिसऱ्यांदा पावडरच्या डबीकडे गेला. डबी तळाला लागली होती, जेमतेम एका पिझ्झ्यापुरती. ताईने ती झटकन उचलून मुठीत धरली.

"पोर दारात दिसल्याशिवाय मिळायची नाही."

"अगं, मग मी तोवर काय करू?"

"वाट बघा."

आता आली का पंचाईत! या माणसाला वाट बघता येतच नाही. त्यांनी मैदा आणि मीठ एका परातीत घेतलं, दही वाटीत वेगळं ठेवलं आणि बसले. उठले. खिडकीशी गेले. चकत्या पुन्हा सारख्या केल्या. पोटात कावळे ओरडत होते, मला शेजारी बसून ऐकू येत होते. मला आधी वाटलं, बरं झालं, चांगली जिरली. मग जरा वाईट वाटलं. मग ते पालथं पडलेलं ताट आठवलं आणि पुन्हा बरं वाटलं. फाटकाबाहेर राहिलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, ते त्या दिवशी त्यांच्याच तोंडावर बघायला मिळालं.

बऱ्याच वेळाने, ताईकडे न बघता, त्यांनी विचारलं, "येईल ना गं तो?"

ताई म्हणाली, "मला काय ठाऊक? मी दोन वर्षं हेच विचारतेय."

ऊन ओट्यावरून खाली उतरलं तेव्हा जिन्यात पावलं वाजली. पोरगा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबला. युनिफॉर्मवरच होता, डोळे तारवटलेले. चपला काढल्या नव्हत्या. त्याची नजर आधी भिंतीवरच्या घड्याळावर गेली, मग बापावर. आईकडे बघून हळूच म्हणाला, "उशीर झाला. तुमचं आटोपलं असेल तर निघतो."

ताईने पदर तोंडाला लावला. भाऊजी उठले. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, नाकावर मैदा, अवतार बघण्यासारखा.

"वेळेवर आलास," ते म्हणाले. "आत्ताच मळायला घेत होतो."

"बाबा, तीन वाजत आले."

भाऊजींनी वर घड्याळाकडे बघितलं. दर रविवारी स्टुलावर चढून ते स्वतःच्या हाताने वेळ लावतात, तेच घड्याळ.

"ते पुढे गेलंय," ते म्हणाले.

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. मिनिटाचाही फरक नव्हता. जिभेवर आलेलं मी गिळलं, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती जड गेलं असेल. ताईने मुठीतली डबी ओट्यावर ठेवली. पोराने चपला काढल्या.