आजीची शेवटची बाटली

माझ्या छतावर रोज दुपारी गुणगुण चालायची. वरच्या खोलीत माझी भाची सराव करायची: सायकलची चाकं जमिनीवर मांडलेल्या गोल रुळांवर फिरायची, सायकल मात्र जागची हलायची नाही. त्या आवाजात माझा डोळा लागायचा आणि जुन्या नाटकांचे पडदे एकामागून एक उघडायचे.

भाची एकेचाळीस वर्षांची. लांब पल्ल्याच्या शर्यतींत सायकल चालवणं हीच तिची नोकरी. "छोट्या शर्यतीतले तिशीत थकतात, मावशी. लांब पल्ल्याला पाय उशिरा पिकतात," असं ती म्हणायची. तरी संघातल्या मुली तिला ‘आजी’च म्हणत. मी पन्नाशीत सोळा वर्षांची नायिका केली आहे. लाली फासली की झालं! सायकलवर लाली चालत नाही.

जिंकणं तिच्या कामात नव्हतंच. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे मागून येणाऱ्या कप्तानाचा दम वाचतो, आणि संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून कप्तानाला पुरवायच्या. कप्तान चोवीस वर्षांची.

यंदा प्रशिक्षकांनी स्पष्टच सांगितलं, "ताई, रविवारच्या शर्यतीत ठरलेल्या वेळेत पोहोचलात तर आणखी एक वर्षाचा करार. नाहीतर इथेच थांबू."

"आजी, काठी आण हं," कप्तान हसली.

"आणते की. तुझ्या पाठीत घालायला लागेलच," भाची म्हणाली.

रविवारी मी शेवटच्या रेषेपाशी खुर्ची टाकून बसले. धुकं इतकं, की माणसं हवेतून उगवल्यासारखी येत होती. कप्तान पहिली आली आणि जिंकूनही रडायला लागली.

"मावशी, चढावर मी पाणी मागितलं, तिनं दिलं. तिची शेवटची बाटली होती ती, मला काय माहीत!"

एकोणीस वर्षांची सवय. कुणी हात पुढे केला की हिचा हात आपोआप पाठीवरच्या खिशाकडे जाणार.

वेळ संपली. मग धुक्यातून ती आली, अगदी सावकाश, नाटक संपल्यावर नटी एकटीच रंगमंचावर परतावी तशी.

"चार मिनिटं," प्रशिक्षक खाली बघत म्हणाले आणि त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

तिनं मान डोलावली. माझ्या खुर्चीपाशी बसून म्हणाली, "मावशी, वर, धुक्याच्याही वर, एक तळं आहे गं. इतक्या वेळा गेले तिथून, कधी दिसलंच नाही. सारखी काळजी, मागची सुटली तर नाही ना. आज मागे कुणीच नव्हतं."

"रडलीस?"

"रडायला अंगात पाणी कुठे होतं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी छत गप्प. मी पडून राहिले. झोप कसली येतेय? तेवढ्यात जिन्यातून सायकल उतरवल्याचा आवाज आला.

"कुठे गं?"

"तळ्यावर."

"पाणी घेतलंस?"

तिनं दोन बाटल्या वर करून दाखवल्या. "दोन्ही माझ्या."