अंधारखोलीतले चंद्र

कारखाना बंद पडला की मशीन भंगारवाला नेतो, टेबल-खुर्च्या ऑफिसातले लोक वाटून घेतात, आणि किस्से मात्र कुणीच नेत नाही. ते आपल्याच अंगावर पडतात! आम्ही जुने काहीजण अजून महिन्यातून एकदा वारज्यात चहाला जमतो. दुसरा कप यायच्या आत कुणीतरी "अरे, आपली अंधारखोली..." असं म्हणतंच, आणि मग चहा गार होतो.

आमच्या हडपसरच्या कारखान्यात हातातल्या बॅटऱ्या बनायच्या. पितळी, दोन सेलच्या, कुणाच्या डोक्यात घातली तर टाके पडतील अशा! तयार झालेली प्रत्येक बॅटरी शेवटी अंधारखोलीत यायची. खिडक्यांना काळा रंग, दाराला जाड काळा पडदा आणि समोर एक पांढरी भिंत. बॅटरी लावली की भिंतीवर उजेडाचा गोल पडायचा. त्याला आम्ही चंद्र म्हणायचो. भरलेला, स्वच्छ चंद्र पडला की पास. कडेला फिकट कडं दिसलं की 'खळं पडलंय', नापास.

आम्ही चौघं टेस्टर होतो. सगळ्यांत सीनियर गायकवाडबाई, मग सलीमभाई, लोणी काळभोरचा पवार आणि मी. बाहेर टळटळीत दुपार असायची आणि आत आमचे चंद्र एकामागून एक उगवायचे, मावळायचे. त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नसे. तशी बंदी नव्हती, पण बोलावंसंच वाटत नसे. मला तर ते सगळं अजून स्वप्नात दिसतं.

*

जेवणाच्या सुट्टीत एकदम उन्हात आलं की डोळे दुखायचे. म्हणून आम्ही चौघं आधी कडुलिंबाखाली डोळे मिटून पाच मिनिटं बसायचो, मग डबे उघडायचो. शेजारच्या कारखान्याचे मॅनेजर हे रोज कुंपणावरून बघत असत. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"आपल्याकडे जेवणाआधी ध्यान कम्पल्सरी आहे का हो?"

सलीमभाई डोळे न उघडता म्हणाले, "नाही साहेब. पगारात येतं!"

पुढच्या आठवड्यात कुंपणापलीकडे त्यांची अख्खी अकाउंट्सची मंडळी डोळे मिटून बसलेली आम्ही पाहिली.

*

पवारच्या गावच्या घरात एकदा ऐन लोडशेडिंगमध्ये साप निघाला. थोरला भाऊ ओरडला, "बॅटरी आण, बॅटरी! कणगीमागं हाय!"

पवारनं धावत जाऊन बॅटरी आणली, लावली आणि सवयीप्रमाणे आधी समोरच्या भिंतीवर मारली. चंद्र पाहिला. थोडी फिरवून पुन्हा पाहिला. समाधान झाल्यावर उजेड कणगीमागे नेला. तिथं काय असणार!

"कुठं गेला रं साप?" भाऊ म्हणाला.

"साप गेला," पवार म्हणाला, "पण बॅटरी एक नंबर हाय!"

भाऊ त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही.

*

गायकवाडबाई कमी बोलायच्या. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांना एकदाही "चालेल" म्हणताना ऐकलं नाही. पास नाहीतर नापास. मालकांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायच्या खास बॅटऱ्यांपैकी अकरा त्यांनी परत पाठवल्या होत्या!

बुद्धपौर्णिमेला विहारातून खीर घेऊन त्या आणि त्यांचे मिस्टर वारज्याच्या टेकडीकडून घरी निघाले होते. चंद्र नुकताच वर आला होता. मिस्टर बसचे ड्रायव्हर, पण मनानं हळवे. ते थांबले आणि म्हणाले, "बघ तरी, काय चंद्र आहे!"

बाईंनी हातातला डबा खाली ठेवला आणि नीट निरखून पाहिलं.

"खळं आहे. परत पाठवा."

*

मग बाहेरचा माल आला. लक्ष्मी रोडच्या फूटपाथवर प्लास्टिकच्या बॅटऱ्यांचे ढीग लागले. आमच्या बॅटरीत जेवढ्याचे सेल पडत, तेवढ्यात ती अख्खी मिळे. सलीमभाईंच्या मुलानं एक घरी आणली. सलीमभाईंनी ती उघडून बघायला घेतली, तर तिला स्क्रूच नव्हता.

"उघडायची कशी? बिघडली तर?"

"अब्बा, बिघडली तर दुसरी घ्यायची!" पोरगा म्हणाला.

सलीमभाईंनी हे आम्हाला दुसऱ्या दिवशी अंधारात सांगितलं. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

*

ऑर्डरी घटल्या आणि कमी करायच्या माणसांच्या पहिल्या यादीत पवारचं नाव आलं. हिंजवडीला तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. तिथं सिक्युरिटीत भरती आहे असं ऐकून तो गेला. मुलाखत घेणारा पोरगा जेमतेम पंचविशीचा होता.

"एक्सपीरियन्स?"

"अठरा वर्षं अंधारात बसून काम केलंय."

"म्हणजे नाइट शिफ्ट?"

"नाही साहेब, जनरल शिफ्ट! साडेआठ ते पाच."

पोरानं पेन खाली ठेवलं. पण नोकरी दिली.

*

आणि ही शेवटची गोष्ट. ही कुणी मोठ्यानं सांगत नाही.

एका सकाळी मालक स्वतः अंधारखोलीत आले. हातात खोकं होतं, त्यात बाहेरून आलेल्या डझनभर नमुना बॅटऱ्या होत्या.

"बाई, सरळच सांगतो. हा माल तयार येणार आणि त्यावर आपलं नाव लागणार. मग आपली असेंब्ली बंद. पण अंधारखोलीनं नापास केलेला माल आपल्या नावानं विकायचा नाही, हा वडिलांचा नियम आहे. तुम्ही नापास म्हणालात तर मी ऑर्डर देणार नाही."

पडद्याबाहेर मशीन थांबली होती. उरलेली तीसेक माणसं तिथं उभी होती. बाईंची मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मिस्टर त्याच वर्षी रिटायर झाले होते.

सलीमभाई हलकेच म्हणाले, "बाई, एका शब्दाचं तर काम आहे."

मालकांनी ते ऐकलं आणि खोकं बाईंपुढे धरलं.

बाईंनी एक बॅटरी उचलली. रिवाजाप्रमाणे कमरेइतक्या उंचीवरून तीनदा फरशीवर टाकली. काही झालं नाही. मग त्यांनी ती लावली.

भिंतीवर चंद्र उगवला. आमच्यापेक्षा पांढरा, गोल, शांत. मी खळं शोधत राहिलो. कुठंतरी एक फिकट रेघ दिसावी म्हणून मी अक्षरशः हात जोडले होते. बाईंनी बॅटरी बंद केली, पुन्हा लावली. हळूहळू फिरवत पूर्ण फेरा दिला. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

"पास," बाई म्हणाल्या.

मालक जागचे हलले नाहीत. "बाई, पुन्हा एकदा बघता का?"

"अहो साहेब, आपणही बघितलंत ना?" बाईंनी हात पुढे केला. "पुढची द्या."