तीन कप्प्यांची होडी

"हवा डोळ्याला दिसत न्हाई, म्हणून मी कान लावतो," असं ज्ञानू एकदा म्हणाला होता.

भोरच्या एसटी स्टँडासमोर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, पाण्याचं घमेलं, दोन पंप आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. राहायला तो उत्रोलीला. सकाळी सायकलवर यायचा, दिवेलागणीला परत जायचा. ट्यूब फुगवली की आधी कानाशी धरायचा. घमेल्यात बुडवायचा ती नंतर, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. तरुणपणी सहा वर्षं त्यानं खडकीला लष्करी गाड्यांच्या टायरांवर काम केलं होतं. रबर म्हातारं कसं होतं, कशानं होतं, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

छप्पन साली घरातल्या सगळ्यांबरोबर त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आईनं घरातले देव नदीत सोडले तेव्हा टोपली धरून तो गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानंतर तो कुठल्याच पूजेला थांबला नाही. वाद घालायचा नाही, कारण सांगायचा नाही. नारळ दिसला की चपला पायात घालायचा.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुंडलिक भोई त्याच्या दुकानात येऊन बसला. ओळख जुनी, सायकलच्या चाकामुळं झालेली. धरणाच्या फुगवट्याकाठी दहा-बारा घरांची भोईवस्ती होती. तिथले लोक सांगडीवर मासे धरायचे. सुकवलेले भोपळे दोरानं एकत्र बांधायचे, त्यावर छाती टेकून झोपायचं आणि हातापायांनी पाणी मारत जायचं. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून जाळ्याचा दोर कमरेला बांधायचा. आदल्या दिवाळीत कुंडलिकचा थोरला भाऊ चिमाजी असाच गेला. भोपळा तडकला, आत पाणी शिरलं आणि भरल्या जाळ्यानं त्याला कमरेला धरून खाली नेलं. तिसऱ्या दिवशी वर आला तेव्हा गाठ तशीच होती.

"आता जाळं टाकनार मी," कुंडलिक म्हणाला. "म्हातारा हाय, भावजय हाय, बायकू हाय. मी सांगडीवर जानार न्हाई. होडी पायजे."

"मग सुताराकडं जा की. माझ्याकडं काय हाय?"

"लाकडाची काय करू? उन्हाळ्यात पानी कोसभर मागं सरतं. चिखलातनं ती वढायची कुनी? पुण्याला मिलिटरीच्या रबराच्या होड्या इकाय आल्यात म्हनं. हवा भरायची, काम झालं की खांद्यावर टाकायची. मला त्यातलं काय कळतंय? तू चल."

ज्ञानू हातातली ट्यूब घासत राहिला. "मी पसंत केली अन् काय झालं म्हंजे?"

"म्हंजे बुडंन मी," कुंडलिक म्हणाला. "म्हणून तर तुला नेतोय."

हसण्यासारखं होतं, पण दोघंही हसले नाहीत.

बुधवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. दुकानदारानं दोन होड्या काढल्या. एक पिवळीधमक, गोल, मोठी. दुसरी करडी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, अंगावर दोन जुनी ठिगळं. कुंडलिकचा हात आपसूक पिवळीवर गेला.

"हिच्यात पाटीभर मासळी बसंल. वर जाळं बी."

"साहेबलोक हौसेनं फिरतात हिच्यात," दुकानदार म्हणाला. "तळ्यात, बायकापोरं घेऊन."

"आमाला हौस न्हाई, मालक. आमाला मासं हायेत."

ज्ञानूनं पिवळीची कड दुमडली, नखानं दाबली आणि नाक लावलं.

"होडी घेताय का नवरी बघताय?" दुकानदार म्हणाला.

"नवरी परत माहेरी धाडता येती," ज्ञानू म्हणाला. "पंप द्या."

त्यानं दोन्ही होड्यांत हवा भरायला लावली आणि तिथंच मांडी घातली. तास गेला, दीड तास गेला. मध्ये मध्ये तो उठायचा, हवा भरायच्या तोंडावर थुंकी लावून बुडबुडा बघायचा, मग शिवणीवर कान टेकून डोळे मिटायचा. आजूबाजूचे लोक हसू लागले. कुंडलिक अवघडून उभा होता. त्याला एसटी चुकायची भीती.

"पिवळी नगं," शेवटी ज्ञानू म्हणाला. "दुमडीत बारीक भेगा हायेत, लई दिस उन्हात पडलीय. अन् आत सगळी एकच पोकळी. एक काटा लागला की बसली. ह्या करडीचं बघ. डावा कप्पा येगळा, उजवा येगळा, तळाचा येगळा. एक गेला तर दोन धरत्यात."

"ठिगळं हायेत की तिला."

"ठिगळ म्हंजे कुनीतरी काळजी घेतलेली हाय."

परतताना एसटीत ती गुंडाळी दोघांच्या पायांशी होती. ज्ञानू बजावत होता. काम नसंल तवा उन्हात ठेवू नगंस. खडकावरनं, काट्यावरनं वढू नगंस. माशाचा काटा टोचंल, तर तळाला गोणपाट घाल. हवा सकाळी टम्म भरू नगंस, दुपारी ती फुगती. कुंडलिक प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. तेलाचं ज्ञानू बोलला नाही. तेलानं रबर सडतं हे टायरच्या कामात पहिल्या दिवशी कळतं. ते सांगायचं असतं हेच त्याच्या मनात आलं नाही.

दोन दिवसांनी कुंडलिक पुन्हा आला. "उद्या होडी पान्यात घालायची. नारळ फोडायचाय. तू ये. नानांनी मुद्दाम सांगितलंय."

नाना म्हणजे कुंडलिकचा बाप, गेनबा. त्यानं मुद्दाम सांगणं ही लहान गोष्ट नव्हती. भोईवस्तीत ज्ञानूला आजवर कोणी घरापर्यंत बोलावलं नव्हतं.

"आमी आता पूजेला उभं ऱ्हात न्हाई," ज्ञानू म्हणाला.

"पूजा झाल्यावर ये मग."

"बघू."

तो गेला नाही.

तिकडं काठावर होडीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि गेनबानं करंजेलाची वाटी पुढं ओढली. सांगडीच्या भोपळ्यांना दर अमावास्येला करंजाचं तेल चोळायची त्यांच्या घरची रीत होती. तेल पाणी आत येऊ देत नाही. चिमाजी गेला त्या महिन्यात म्हातारा तापानं पडून होता आणि तेल राहून गेलं होतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सबंध होडीवर तो गुडघ्यांवर सरकत तेल चोळत गेला, शिवणीशिवणीत बोट घालून. एवढ्या मायेनं त्यानं स्वतःच्या पोरांनाही कधी न्हाऊ घातलं नसेल.

होडी उत्तम चालली. वल्ह्याच्या एका मारात सरळ जायची. पहिल्या आठवड्यात कुंडलिकनं बायकोला, चंद्राबाईला, तीत बसवून दूरपर्यंत नेऊन आणलं. जाळं नव्हतं, पाटी नव्हती. काठावरच्या बायकांनी विचारलं, "कुठं गेली हुतीस गं?" "कुठं न्हाई," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. बिनकामाचं पाण्यावर जाता येतं हे तिला तोवर माहीत नव्हतं.

पावसाळा गेला. धरण काठोकाठ भरलं. दर अमावास्येला म्हातारा वाटी घेऊन बसत होता.

आश्विनातल्या एका बाजारच्या दिवशी चंद्राबाई मासळी विकून ज्ञानूच्या दुकानाशी आली. पाटीतून तिनं होडीचा पंप काढला.

"हवा सरळ जात न्हाई बघा, भाऊ. नळीच चिकाट झालीया."

ज्ञानूनं नळीचं टोक हातात घेतलं. ते बोटांत दबलं आणि दबलेलंच राहिलं. त्यानं वास घेतला.

"ह्याला काय लागलंय?"

"करंजेल. मामंजी होडीला चोळत्यात नव्हं का, त्येच लागलं आसंल."

"होडीला? कदीपास्नं?"

"पयल्या दिसापास्नं. दर आवसंला. लई मऊ झालीय आता, लोन्यागत."

ज्ञानूनं आभाळाकडं बघितलं. ऊन चढत होतं.

"कुंडलिक कुठाय?"

"पान्यावर. आज मधल्या डोहात जाळं टाकायचं म्हनत हुते."

"सकाळी हवा भरली?"

"टम्म. मीच पाय दिला पंपाला. का वो भाऊ?"

त्यानं सायकल काढली. "बसा मागं."

चंद्राबाईनं स्टँडावरच्या माणसांकडं बघितलं. चहावाला बघत होता, हमाल बघत होते. मग तिनं पाटी तिथंच टाकली आणि कॅरिअरवर बसली. मागून कोणीतरी शीळ घातली. दुकान उघडंच राहिलं.

तीन कोस रस्ता, त्यातला अर्धा खडीचा. ज्ञानूला डोळ्यांपुढं ती शिवण दिसत होती: आत तापून फुगत चाललेली हवा, आणि तिला धरून ठेवणारी तेलानं सुजलेली पट्टी. घाम त्याच्या डोळ्यांत जात होता. एका चढाला चंद्राबाई उतरून पळू लागली आणि तिनं मागून सायकल ढकलली.

काठावर गेनबा एकटा जाळं विणत बसला होता. होडी लांब, डोहाच्या मध्यावर, एक काळी रेघ. ज्ञानू घोट्याभर पाण्यात शिरून ओरडला.

"कुंडलिक! मागं ये! जाळं सोड!"

रेघेतून एक हात वर झाला. त्यात मोठा मासा होता. कुंडलिकला वाटलं, ज्ञानू शेवटी वस्तीत आला, तो हाक मारतोय.

"काय झालं?" गेनबा उठला.

"रबराला तेल चालत न्हाई, नाना. शिवणी सुटत्याल."

म्हाताऱ्याच्या हातातली सुई थांबली. तो नुसता पाण्याकडं बघत राहिला.

आवाज मोठा झाला नाही. ओल्या धोतराचा पिळा दगडावर पडावा तेवढा. डावा कप्पा बसला, होडी कलली आणि कुंडलिक एका अंगावर पडला. पाण्यातलं जाळं ताणलं गेलं. ज्ञानूला आता स्पष्ट दिसलं: दोर कमरेला होता. होडीत दोन्ही हात मोकळे असताना, नुसत्या सवयीनं, सांगडीवर बांधायचा तसाच.

"दोर! कमरेचा दोर!"

वारा उलटा होता. कुंडलिक हातानं जाळं ओढून आत घ्यायला बघत होता. नवं नायलॉनचं जाळं, मासळीनं भरलेलं. त्याला ते सोडवेना. जितकं ओढेल तितकी होडी त्याच कुशीला वाकत होती. पाणी आत आलं.

तेव्हा चंद्राबाई ओरडली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"कुंडलिक! काप त्ये!"

बाजारात मासळी पुकारणारा आवाज. तो पाण्यावरून गेला. कुंडलिकनं मान वळवली. मग त्याच्या हातात विळा चमकला, एकदा, दोनदा. जाळं त्याच्या अंगावरून सरकून खाली गेलं आणि होडी उचलली गेली, वाकडी, पण वर. तो उजव्या कप्प्यावर आडवा झाला आणि सांगडीवरच्यासारखं हातांनी पाणी मारू लागला.

यायला त्याला अर्धा तास लागला असेल. काठावर तिघं उभे होते आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं. होडीचे दोन कप्पे टिकले होते. काठाला लागल्यावर कुंडलिक चिखलात बसला आणि पोटातलं पाणी ओकला. ज्ञानूनं होडीवर हात ठेवला. हाताला काळा, चिकट थर आला.

चंद्राबाईनं चूल पेटवली. "आत या, भाऊ," ती म्हणाली. ज्ञानू उंबऱ्याशी घुटमळला, मग आत जाऊन भिंतीशी बसला. तिनं घरच्याच कपबशीत चहा दिला, कुंडलिकला दिला तसाच. कुंडलिक घोंगडी पांघरून कुडकुडत होता.

"दोन कप्प्यांनी धरलं बघ," तो म्हणाला. "पिवळी आसती तर आज मी बी गेलो आसतो, चिमादाच्या मागं."

गेनबा दारात बसला होता, पाठ घराकडं. न वळताच तो बोलला.

"ज्ञानू. तेल चालत न्हाई हे तुला ठावं हुतं?"

"व्हय, नाना."

"उन्हात ठेवू नगा म्हनलास. काट्यावरनं वढू नगा म्हनलास. तेलाचं न्हाई म्हनलास."

"न्हाई म्हनलो."

"चिमाच्या वक्ताला माझं तेल ऱ्हायलं हुतं. म्हणून ह्या टायमाला एक आवस चुकू दिली न्हाई म्या." म्हातारा वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुला बलावनं धाडलं हुतं. त्या दिशी हितं उभा आसतास तर माझा हात धरला आसतास का न्हाई?"

"नाना, गप बसा," कुंडलिक म्हणाला.

"इचारतोय फकस्त. तुमच्यात पूजा न्हाई, ठाव हाय मला. पर लांब उभा ऱ्हायला आसतास. आमी काय जवळ ये म्हनलो नसतो."

चुलीत ओलं लाकूड चुरचुरत होतं. ज्ञानू म्हाताऱ्याकडं बघत होता. हात धरला असता हे खरं होतं, पण 'लांब उभा' हेही त्यानं ऐकलं होतं. निम्मा चहा असलेला कप त्यानं जमिनीवर ठेवला, हलकेच, आवाज होऊ न देता. तो उठला, दारात बसलेल्या गेनबाला वळसा घालून उन्हात उतरला, आणि सायकल हातात धरून चालू लागला.