ब्रूनो कर्णिकबद्दल मी जे बोललो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुनंदाला – माझ्या बायकोला – सुद्धा नाही, आणि तिला तर माझी शुगर वाढली की माझ्याआधी कळतं. एकदा सांगायचं ठरवून तिच्यासमोर बसलोही होतो. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, चहा कर. बस, तेवढंच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ब्रूनोलाही ओळखत नव्हतात. पण तो कोण होता हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही – म्हणून आधी त्याच्याबद्दल.

ब्रूनो इटलीत जन्मला. वडील तो लहान असतानाच गेले. आमच्या शेजारचे कर्णिककाका केंद्र सरकारात इंजिनीअर होते. ते ट्रेनिंगसाठी तिकडे गेले आणि परत आले ते ब्रूनोच्या आईशी लग्न करून, ब्रूनोला बोटाला धरून. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समध्ये तेव्हा काय काय कुजबुज झाली असेल ते तुम्हीच समजा. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. उन्हाने त्याचे कान लाल व्हायचे आणि कॉलनीतली मुलं हसायची. मीही हसलो. पण ते सोडा – तेव्हा मी लहान होतो. ज्याबद्दल बोलायचंय तेव्हा मी लहान नव्हतो.

वर्षभरात तो मराठी बोलायला लागला. काका रोज जेवताना त्याला एक नवा शब्द द्यायचे आणि तो शब्द वापरल्याशिवाय ताटावरून उठायचा नाही. आमच्या घरची मराठी दिल्लीची. मी आईला "मम्मी, चादर धुली का?" असं विचारायचो. आणि हा गोरा मुलगा आमच्या दारात उभा राहून म्हणायचा, "काकू, माळ्यावरची अडगळ काढायला येऊ का?" आई मला म्हणायची, बघ, त्याच्याकडून शीक. किती वर्षं मी हे ऐकलं असेल? आई सहज बोलायची. तिला काय कल्पना, कुठे जाऊन रुतत होतं ते.

आम्ही एकत्र शिकलो, एकत्र वकील झालो. मधे केव्हातरी त्याने इथलं नागरिकत्व घेतलं. शपथेच्या दिवशी सोबत मीच गेलो होतो. बाहेर येऊन आम्ही रस्त्यावर छोले-कुलचे खाल्ले. त्याने द्रोणातले शेवटचे छोले पुसून खाल्ले. मग म्हणाला, "दिल्या, आता मला कुणी परत पाठवू शकत नाही ना?" मी म्हणालो, "यार, वेडा आहेस का, तुला कोण पाठवतंय?"

मग आम्ही दोघं न्यायसेवेत आलो. तो माझ्यापेक्षा चांगला न्यायाधीश होता. हे मी मोठेपणाने म्हणत नाही – कोर्टातला प्रत्येक जण हेच म्हणायचा. जमिनीच्या एका दाव्यात हरियाणाच्या बाजूचा एक म्हातारा साक्षीला उभा राहिला. त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि वकिलाच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला, "यो तो अंग्रेज सै." वकील घामाघूम. आपण इंग्रज नाही, हे ब्रूनोने पुढे वाकून त्याच्याच हरियाणवीत सांगितलं, "ताऊ, अंग्रेज कोन्या सूं. बता, के बात सै." म्हातारा हसला, आणि मग काही न लपवता सगळं सांगून मोकळा झाला. लोक त्याच्यापुढे खरं बोलायचे. असं का व्हायचं, मला कधी कळलं नाही. माझ्यापुढे ते व्हायचं नाही.

सुट्ट्यांत तो पुण्याला जाऊन बसायचा. मोडी शिकला. गोतसभेचे जुने निवाडे वाचायला लागला – गावातला वतनाचा किंवा बांधाचा तंटा कसा मिटवत, साक्ष कशी घेत, हे सगळं. दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर या कागदांमुळे ताट ठेवायला जागा नसायची. मला मोडीचं एक अक्षर वाचता येत नाही. माझे पूर्वज त्या लिपीत लिहीत होते, आणि ती वाचत होता कोण? – बघा, अजूनही असंच येतं तोंडून. "कोण."

आता सांगतो.

आमच्या दोघांची नावं वरच्या न्यायालयासाठी गेली होती. अशा वेळी माणसाची चौकशी होते, ते रीतीप्रमाणेच आहे. हिवाळ्यातली दुपार होती, जेवणाची सुट्टी. एक अधिकारी माझ्या चेंबरमध्ये आला. अतिशय नम्र माणूस. त्याने ब्रूनोचं नाव काढलं. म्हणाला, "आप तो इन्हें बचपन से जानते हैं. काग़ज़ सब ठीक हैं, साहब. बस यूँ ही पूछ रहा हूँ – दिल कहाँ है इनका?"

एका वाक्यात उत्तर होतं. मी त्याला त्या शपथेच्या दिवसाबद्दल सांगू शकलो असतो. टेबलावर न मावणाऱ्या निवाड्यांबद्दल सांगू शकलो असतो. काहीच नाही तर हसून "ये कोई पूछने की बात है?" एवढं म्हटलं असतं तरी तो माणूस चहा पिऊन गेला असता.

मी खिडकीबाहेर पाहिलं. थोडा थांबलो – तेही मुद्दाम, न्यायाधीशाला थांबण्याचं वजन कळतं. आणि म्हणालो, "अब क्या कहें. ख़ून का रिश्ता तो ख़ून का होता है. घर भी है उनका वहाँ."

घर नव्हतं. आईच्या वाट्याचं गावातलं घर त्याने केव्हाच मामेबहिणीच्या नावे करून दिलं होतं. "जिथे राहायचं नाही तिथे दार कशाला ठेवायचं," असं मलाच म्हणाला होता. तो तिकडे जायचा तो फक्त म्हाताऱ्या मावशीला भेटायला. मला सगळं माहीत होतं.

अधिकाऱ्याने काही लिहून घेतलं नाही. "समझ गया," म्हणाला आणि बिस्किट न खाता उठला. डबा उघडून मी जेवलो. भाजी वांग्याची होती, चांगली झाली होती. हे का सांगतोय? – कारण मला भूक लागली होती.

माझं नाव आलं. त्याचं आलं नाही. माझ्या बोलण्यानेच ते गेलं का? दुसरंही काही कारण असेल. या "असेल"वर मी बरीच वर्षं काढली. पण त्याचं नाव जावं म्हणूनच मी ते बोललो होतो. त्यात कसलं आलंय "असेल"?

माझं नाव आलं त्याच आठवड्यातल्या रविवारी तो द्वारकेहून मेट्रोने आमच्याकडे मयूर विहारला आला, मिठाईचा डबा घेऊन. सोबत शालिनीवहिनी. सुनंदाला वहिनींकडे बघवेना, पण वहिनीच तिला समजावत होत्या. जेवणं झाली. मी त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला गेलो. बायका पुढे होत्या. ब्रूनो चालता चालता म्हणाला, "तुला कुणी माझ्याबद्दल विचारायला आलं होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही."

"अच्छा," तो म्हणाला. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाला, "तुलाच विचारायला हवं होतं त्यांनी. तुझ्याइतकं मला कोण ओळखतं?"

संशय घेऊन बोलला असता तर बरं झालं असतं. तो खरंच हळहळत होता.

जिल्हा न्यायाधीश म्हणूनच तो निवृत्त झाला. नंतर त्याचं पुस्तक आलं. मराठी मुलखातल्या जुन्या न्यायपद्धतीवर काम करणारे आज ते पुस्तक टाळून पुढे जाऊ शकत नाहीत. त्यातलं साक्षीदारांवरचं प्रकरण त्याने मला छापण्याआधी वाचून दाखवलं होतं. देवाच्या दारात, नाहीतर नदीच्या पात्रात उभं करून साक्ष कशी घेत, आणि खोटं बोलणाऱ्याचे पूर्वज स्वर्गातून कसे खाली पडतात असं त्याला आधी बजावून सांगत. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "कसं वाटतंय? तू इतक्या साक्षी ऐकल्यास." मी एक-दोन शब्द बदलायला सांगितले. त्याने ते बदलले. पुस्तकात माझे आभार आहेत.

वहिनी आधी गेल्या. मग तो – फुप्फुसाचं दुखणं. दिल्लीची हवा त्याला कधीच मानवली नाही, पण दिल्ली सोडून जायचा विषयही त्याने काढू दिला नाही. शेवटच्या आठवड्यात मी रोज जायचो. बोलायचं ठरवून जायचो. तो ऑक्सिजनच्या मास्कमधून माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. मी गुडघ्याबद्दल सांगून परत यायचो.

तेराव्यानंतर त्याची मुलगी गौरी मला म्हणाली, "काका, एक विचारू? बाबा हायकोर्टात का नाही गेले? मी तेव्हा हॉस्टेलवर होते. घरी कधी कुणी बोललंच नाही. ते बाहेरचे म्हणून का?"

तुम्हाला वाटेल, इथे तरी मी बोललो असेन. तिचा चेहरा हुबेहूब त्याच्यासारखा आहे, लाल झालेल्या कानांसकट. मी म्हणालो, "छे गं. त्याने स्वतःच नको म्हटलं. त्याला त्याचे कागद वाचायचे होते."

हे आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं ते इतकं सफाईदार की मलाच पटलं. गौरी रडायला लागली. दुःखाने नाही. "मला वाटायचंच," म्हणाली. "बाबा असेच होते."

तिने ते सगळ्यांना सांगितलं. त्याच्या स्मृतिग्रंथात त्याच्या कारकिर्दीवरचा लेख मी लिहिला, आणि तिच्या आग्रहावरून त्यात तेही लिहिलं – बढती त्यांनी नम्रपणे नाकारली. म्हणजे आता ते छापील आहे. ज्याला त्या खुर्चीची मनापासून आस होती, जो आपलं नाव येईल म्हणून वाट बघत होता, त्याला मी विरक्त करून टाकलं. आधी त्याची जागा घेतली, मग ती जागा त्याला हवी होती हेसुद्धा पुसून टाकलं. आता गौरीला खरं सांगायचं, तर तिच्याकडून तिचा हा बाप काढून घ्यावा लागेल. हे मी स्वतःला सांगतो आणि गप्प राहतो. खरं कारण ते नाही. खरं कारण एवढंच, की मला अजूनही भीती वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका लॉ कॉलेजने त्याच्या नावाचं व्याख्यान सुरू केलं. पहिलं व्याख्यान माझं. गौरी पहिल्या रांगेत होती. मी त्याच्या त्यागाबद्दल बोललो. चांगलं बोललो. मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती, गौरी ओढणीने डोळे पुसत होती. टाळ्या थांबेपर्यंत मी हात जोडून उभा होतो.

या वर्षीही बोलावलंय. मी हो म्हणून कळवलंय.